शर्यतीच्या आदल्या दुपारी

ताई जेवायला आली हेच मुळात नवल होतं. गेल्या वर्षी याच टेबलाशी बहीणभावाचं कडाक्याचं वाजलं होतं. "तुला पोर नाही बाळ नाही, तुला काय कळणार?" हे वाक्य सरांच्या, म्हणजे मुलींना पळायला शिकवणाऱ्या भावाच्या, तोंडून निघून गेलं, आणि ताईने ताटावरून उठून चपला घातल्या. त्यानंतर ती या घराची पायरी चढली नव्हती. पण आज नानांना ऐंशी पूर्ण झाली होती, आणि नानांनी स्वतः फोन करून लेकीला दम दिला होता, "पुढच्या वर्षीची हमी मी देत नाही. यायचं तर आत्ताच ये."

म्हणून ती आली. भावाशी "कसा आहेस" एवढंच बोलली आणि नानांच्या शेजारची खुर्ची ओढून बसली.

जेवण नीट पार पडलं. वहिनी बेकरीत कामाला, तेव्हा केक तिनेच केला होता. नानांनी मेणबत्त्या विझवताना दोनदा फुंकर मारली आणि म्हणाले, "पूर्वी एका दमात मैदानाला चार फेऱ्या मारायचो. आता मेणबत्तीसुद्धा हरवते." सगळे हसले. सरांची मुलगी भिंगरीही हसली आणि आपल्या बशीतला केक गुपचूप आजोबांच्या बशीत सरकवला.

ते ताईने पाहिलं. पण तिने हातातला चमचा खाली ठेवला तो त्यानंतर. पाणी आणायला म्हणून भिंगरी उठली, तेव्हा तिने उजवी मांडी दोन्ही हातांनी खालून धरून बाजूला ठेवली, जड पिशवी उचलून ठेवावी तशी. मग ती उभी राहिली आणि सरळ चालत गेली.

ताई हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती. माणसाचा चेहरा बघायच्या आधी त्याची चाल बघायची खोड तिला जडली होती. हा असा मांडी उचलण्याचा प्रकार तिने गेल्या उन्हाळ्यात एका मुलीच्या बाबतीत पाहिला होता. ती मुलगी पुन्हा पळाली नाही.

"भिंगरे," ती शक्य तितक्या सहज म्हणाली, "तुझी पदकं नवीन कपाटात लावलीस म्हणे. दाखव की."

* * *

वरच्या खोलीत आल्यावर आत्याने पदकांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिने दार लोटून घेतलं.

"झोप पलंगावर. उताणी."

"का?"

"मी सांगते म्हणून."

भिंगरी झोपली. हे नाव तिला नानांनी दिलेलं. पोरीच्या पायाला भिंगरी आहे, एका जागी ठरत नाही, म्हणायचे. आता ती सोळाची होती आणि लांब पल्ल्याच्या शर्यतीत तिच्या वयोगटात तिच्या पुढे फक्त एकजण होती. उद्या सकाळी निवडीची शर्यत. पहिल्या तिघी राष्ट्रीय शिबिरात जाणार होत्या. गेले सहा महिने या घरात सकाळ झाली ती त्या शर्यतीसाठी, आणि दिवे मालवले गेले तेही तिच्यासाठीच.

आत्याने तिचा उजवा गुडघा वाकवला. एका पायावर उडी मारायला सांगावं असं क्षणभर तिच्या मनात आलं होतं. पण जी भीती वाटत होती ती खरी असेल, तर ती उडीच घात करायची. म्हणून तिने पाऊल हातात धरलं आणि पाय खुब्यात अलगद आतल्या बाजूला वळवला. फार नाही. दार किलकिलं करावं इतकाच.

भिंगरीचा श्वास अडकला. ती ओरडली नाही. ओठ दाताखाली धरून तिने छताकडे पाहिलं.

"कुठे?"

"कुठे काय? काही नाही."

"मी तुझे सर नव्हे. कुठे दुखलं?"

भिंगरीने जांघेत बोट ठेवलं. आत, खोलवर.

"पळायला लागलं की जातं," ती घाईने म्हणाली. "पहिली फेरी दुखतं, मग कळतसुद्धा नाही."

"आणि नुसती पडलेली असताना?"

तिने उशी पोटाशी ओढली. बाहेर कोणाची तरी मोटार मागे घेताना पींपीं करत होती.

"पाळी येते वेळेवर?"

भिंगरीने मान भिंतीकडे वळवली. "आईला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"हिवाळ्यापासून आली नाही. आत्या, सगळ्यांचं असंच असतं. आमच्या ग्रुपमध्ये कितीतरी जणींचं. उलट बरंच ना, शर्यतीच्या दिवशी कटकट नाही." ती उठून बसू लागली तसा आत्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताने तिला पलंगावर दाबून धरलं. लोकांचे मोडके पाय रोज हाताळणारी आपली आत्या आपल्याला उठूसुद्धा देत नाही, हे भिंगरीला कळलं, आणि पहिल्यांदाच तिला खरोखरची भीती वाटली.

"कोणाला सांगू नकोस," ती म्हणाली. "उद्याची शर्यत झाली की मीच सांगेन. शपथ."

"तू इथून हलू नकोस. जिनासुद्धा उतरू नकोस. ऐकतेयस?"

* * *

खाली भिंगरीची आई बशा विसळत होती. जिन्यावर ताईंची पावलं ऐकली आणि तिने नळ बंद केला. पावलांवरूनच तिला कळलं. इतके महिने ज्या गोष्टीवर तिने झाकण ठेवलं होतं, ती आता खाली येत होती.

"उद्या ती पळणार नाही," ताई दारातूनच म्हणाली.

सर नानांच्या बुटांना लेस ओवत होते. वाढदिवसाला मुलाने बापाला पळायचेच बूट आणले होते. त्यांनी मान वर केली. "सुरू झालं का तुझं?"

"तिच्या खुब्याच्या हाडाला चीर गेली असावी. मांडीचं हाड वर जिथे वळून खुब्यात शिरतं ना, तिथे. आत्ता हॉस्पिटलात नेऊन एमआरआय करायला हवा. एक्स-रेत ते दिसेलच असं नाही."

"असावी," सर म्हणाले. "म्हणजे तुलाही नक्की नाही."

"नक्की होईपर्यंत थांबलो तर ते मोडलेलंच दिसेल."

"ताई, ती काल माझ्यासमोर पळालीये. घड्याळ होतं माझ्या हातात. आयुष्यातली सगळ्यात चांगली वेळ दिली पोरीने. मोडक्या हाडाने कोणी असं पळतं?"

"पळतं. म्हणून तर मोडतं."

नानांनी घसा साफ केला. ते आयुष्यभर छापखान्यात उभ्याने काम करून, संध्याकाळी पळायला जाणाऱ्यांतले. "अगं, दुखणं काय, असतंच. माझी नडगी वर्षभर ठणकत होती. कापड गुंडाळायचो आणि पळायचो. पळणाऱ्याने दुखण्याला विचारत बसलं तर चालायलासुद्धा नको."

"नाना, तुम्ही बाप्या माणूस. पोटभर जेवत होतात."

"ती जेवत नाही का?" नानांनी सुनेकडे पाहिलं.

आईने हात पदराला पुसावेत तसे ओढणीला पुसले. सगळे तिच्याकडे बघत होते. नवऱ्याची बाजू घ्यायची सवय इतकी मुरलेली, की तोंडातून आपोआप निघालं, "ताई, आजच्या दिवशी नको ना. नानांचा वाढदिवस आहे. उद्याची शर्यत होऊन जाऊ दे, परवा मी स्वतः तिला घेऊन येते तुमच्याकडे."

सरांनी बायकोकडे कृतज्ञतेने पाहिलं. दोन विरुद्ध एक झालं होतं, नाना धरले तर तीन.

ताईने खुर्चीच्या पाठीला धरलं. "गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे एक मुलगी आली. हिच्याच वयाची. आईवडील चांगले, शिकलेले. तेही 'परवा' म्हणाले होते. ती शर्यतीत वळणावर पडली. कोणाचा धक्का नाही, ठेच नाही. नुसती पडली. हाड तुटून सरकलं होतं. खिळे ठोकले, तरी हाडाचा वरचा, खुब्यातला गोल मरत गेला, कारण त्याला रक्तच पोचेना. आता ती जिना चढताना एकेक पायरी दोन्ही पाय टेकवून चढते. सतरा वर्षांची मुलगी, वहिनी. माझ्यापेक्षा म्हातारी चालते."

  गेल्या कित्येक महिन्यांचे डबे आईच्या डोळ्यांसमोर आले, जसेच्या तसे परत आलेले. अंघोळीनंतर पोरीच्या पाठीवर उठलेले मणके. "आई, सरांना सांगू नकोस हं, मला ग्रुपमधून काढतील," म्हणून गळ्यात पडलेले ते बारीक हात.

"हिची पाळी बंद आहे," आई म्हणाली.

"काय?" सर म्हणाले.

"हिवाळ्यापासून. मला वाटलं येईल आपोआप. मला वाटलं, व्यायामाने होतं असं."

"आणि हे मला आत्ता कळतंय? माझ्या घरातली गोष्ट?"

"कोणाला सांगायला हवं होतं?" आईचा आवाज चढला, आणि तो आपलाच आहे याचं तिला नवल वाटलं. "तिच्या बाबांना की सरांना? बाबा तर घरात असतच नाहीत. सरांनी तिला वजनकाट्यावर उभं करून सांगितलं होतं, अजून जरा हलकी झालीस की उडशील. दुसऱ्या दिवसापासून तिने रात्रीचं जेवण सोडलं. मी पाहत होते. मला तुमची भीती वाटली, तिच्या रडण्याची भीती वाटली, म्हणून मी गप्प बसले. आता मला तिच्या हाडांची भीती वाटतेय. ती या सगळ्यांपेक्षा मोठी आहे."

सर काही बोलणार, इतक्यात मागच्या अंगणातलं फाटक करकरलं.

ताई जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढली. खोली रिकामी होती. पलंगाखालचे शर्यतीचे बूट नव्हते. मागचा लोखंडी जिना थेट अंगणात उतरत होता.

"पळून दाखवायला गेली," वरून तिचा आवाज आला. "देवा! पळून दाखवायला गेली ती!"

* * *

कालव्याकाठचा रस्ता. दुसरीकडे कुठे जाणार नाही, हे सरांना ठाऊक होतं. रोज सकाळी तेच तिला तिथे पळवत होते. ताई गाडी काढून पुलाकडून वळसा घालायला निघाली, आणि नाना कोणाला न विचारता तिच्या शेजारी जाऊन बसले. सर पळत सुटले, घरातल्या सपाता पायात तशाच.

पहिल्या वळणालाच त्यांना ती दिसली. पुढे, बरीच पुढे. तिची निळी बनियन झाडांमधून दिसत होती, लपत होती. त्यांनी तोंड उघडलं, आणि हाक मारलीच नाही. मैदानाच्या कडेने ते ओरडले की ती वेग वाढवत असे. इतकी वर्षं त्यांनी तिला तेच शिकवलं होतं. त्यांचा आवाज म्हणजे "आणखी जोरात". आत्ता आपण "थांब" म्हटलं आणि तिला नुसता आवाजच ऐकू गेला तर?

ते तोंड मिटून पळत राहिले.  आणि मागून पळताना त्यांना तिचा उजवा पाय दिसला. तो जमिनीवर पडताक्षणी उचलला जात होता, चटका बसावा तसा. हे नवं नव्हतं. गेले दोन आठवडे त्यांनी ते रोज पाहिलं होतं आणि रोज ओरडून सांगितलं होतं, "पाऊल पूर्ण टाक, आळस करू नकोस!" प्रत्येक पावलाला त्यांच्या कानात काड्कन आवाज होत होता, जो अजून झाला नव्हता. आता होईल. या पावलाला. नाही. पुढच्या.

भिंगरीला मागे कोणी आहे हे माहीतच नव्हतं. खिडकीतून तिने खालचं सगळं ऐकलं होतं. आईने सांगून टाकलं होतं. आता एकच उपाय होता. पुलापर्यंत जायचं, परत यायचं, सगळ्यांच्या समोर उभं राहून म्हणायचं, बघा. पहिल्या फेरीनंतर दुखायचं थांबतं, तसं ते आजही थांबणार होतं. थांबत नव्हतं. जांघेतून कळ पोटापर्यंत चढत होती. आत्याची ती मुलगी वळणावर पडली होती. पुढे वळण होतं. तिने वळणाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि पुलाच्या कठड्याकडे नजर लावली.

तिथे नाना उभे होते.

ते रस्त्याच्या अगदी मधोमध होते. पाय फाकवून, दोन्ही हात पसरून, डोक्यावर वाढदिवसाची नवी टोपी. मागे आत्याची गाडी, दार उघडं. भिंगरीने हाताने खूण केली, बाजूला व्हा. नाना झाले नाहीत. ती डावीकडे गेली, तसे तेही डावीकडे सरकले. ऐंशी वर्षांचा म्हातारा, धक्का लागला तर उताणा पडेल असा.

"नाना, सरका ना!"

"नाही सरकत," नाना ओरडले. "पाड मला. मग जा."

ती थांबली. त्यांच्यापासून हातभर अंतरावर. आणि थांबल्याबरोबर पाय तिचा राहिला नाही. उजव्या पायावर भार देऊन पाहिला, तर खाली जमीनच नसल्यासारखं वाटलं. तिने कठडा धरला आणि एका पायावर लटकून राहिली.

"टेकवू नकोस!" आत्या धावत आली. "अजिबात टेकवू नकोस तो पाय. माझ्या गळ्यात हात टाक."

नानांचे हात अजून तसेच पसरलेले होते. ते खाली घ्यायचं त्यांना सुचत नव्हतं. "मीच सांगितलं दुखणं असतंच म्हणून," ते स्वतःशीच पुटपुटत होते. "मीच."

सर पोचले तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. एक सपात वाटेत कुठेतरी गेली होती. ते मुलीसमोर पाठ करून खाली बसले. ती त्यांच्या पाठीवर आली, आणि ते अगदी सहज उभे राहिले. सोळा वर्षांची मुलगी इतकी हलकी नसते.

"बाबा," ती त्यांच्या मानेत म्हणाली, "उद्या?"

"गप्प," ते म्हणाले. "हलू नकोस. नुसती धरून राहा."

* * *

संध्याकाळी हॉस्पिटलच्या बाकावर चौघं ओळीने बसले होते. नाना, आई, ताई, आणि जरा अंतर ठेवून सर. हॉस्पिटलात पोचल्यापासून आईने ताईचा हात सोडला नव्हता. लग्नानंतर इतक्या वर्षांत या दोघी अशा बसलेल्या कोणी पाहिल्या नव्हत्या.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्यांनी फोटो दाखवत समजावून सांगितलं. हाडाच्या मानेला खालच्या बाजूने चीर गेली होती, जवळजवळ अर्ध्यापर्यंत. आरपार नव्हती. सध्या तरी खिळे नकोत. कुबड्या, पाय अधांतरी, दोन महिने तरी. मग पुन्हा तपासणी, आणि चीर वाढलेली दिसली तर ऑपरेशन.

"उद्या पळाली असती तर?" नानांनी विचारलं.

डॉक्टरबाईंनी फोटोतल्या चिरेवर बोट ठेवलं आणि ते हाडाच्या आरपार ओढलं. "मला पायापेक्षा बाकीची काळजी आहे," त्या म्हणाल्या. "खाणं कमी, पळणं भरपूर. शरीराने एकेक खातं बंद करत आणलंय. पाळी त्यातलीच. या वयात हाडं भरायची असतात. हिची विरत चालली आहेत. किती भरून येईल, ते आज मी सांगू शकत नाही. पण हे टाळता आलं असतं. पाळी चुकली तेव्हाच कोणी आणलं असतं तर."

त्या गेल्यावर आई रडली. ताईने तिला रडू दिलं.

"पुन्हा पळेल ना ती?" सरांनी बहिणीला विचारलं. वर्षभरात त्यांनी तिला मनापासून विचारलेला हा पहिला प्रश्न.

"माहीत नाही रे. आधी चालू दे." मग थोडं थांबून ती म्हणाली, "तुझ्या ग्रुपमध्ये आणखी किती मुली आहेत?"

सरांनी चमकून पाहिलं.

"वरच्या खोलीत भिंगरी मला म्हणाली, आमच्यात कितीतरी जणींचं असंच आहे. उद्या त्यातल्या किती पळणार आहेत?"

सरांचा चेहरा उतरत गेला. सगळ्या. सगळ्याच पळणार होत्या. सगळ्यांना त्यांनी त्याच काट्यावर उभं केलं होतं. ते उठले, पुन्हा बसले. खिशातून फोन काढून त्यांनी बायकोपुढे धरला.

"तू विचारतेस का त्यांच्या आयांना? बायकांचं बोलणं आहे. मी कसं..."

"तुम्हीच विचारा," आई म्हणाली. तिने डोळे पुसले, पण फोन घेतला नाही. "वजन तुम्हीच विचारायचात ना?"

सरांनी नंबर लावला. ग्रुपमधली सगळ्यात लहान मुलगी, चौदाची, कालच्या सरावात दोन सेकंदांनी सुधारलेली. तिच्या आईने लगेच उचलला.

"नमस्कार सर! आत्ताच झोपवलं हो तिला, उद्या लवकर उठायचंय ना."

"नमस्कार. मला... तुम्हाला एक विचारायचं होतं." त्यांनी डोळे मिटले. "तुमच्या मुलीची पाळी नियमित येते का?"

पलीकडून दार लोटून घेतल्याचा आवाज आला.  मग ती बाई अगदी हळू आवाजात, शेजारच्या खोलीत कोणी जागं होऊ नये अशा बेताने म्हणाली,

"सर, तुम्हाला कोणी सांगितलं?"